निरोपाच्या डबीला कुलूप

मी एक जुनी निरोपाची डबी आहे, टिटवाळ्याच्या एका सात मजली इमारतीत चौथ्या मजल्याच्या जिन्यात टांगलेली. 'मित्रांनो' म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते; मैत्री तुम्ही कधी केलीत?

शिकलेली मी नाही. दोनच शब्द येतात, 'भरली' आणि 'रिकामी'. गच्चीवरच्या टाकीतली माझी बहीण पाणी बघून ते बोलते. तिचा आवाज तळातल्या पंपापर्यंत पोचत नाही, म्हणून मधे मी. वायर नाही, सगळं हवेतून. तिचं ऐकायचं, खाली सांगायचं, पंपाने 'कळलं' म्हटलं की झोपायचं. मिनिटातून एकदाच डोळा उघडते. अशी काटकसर केली म्हणून दोन पेन्सिल सेलांवर दोन वर्षं संसार ओढला.

त्यावर आमचे सेक्रेटरी सुधीर काय म्हणत? "ही नुसती झोपते." अहो, तुमचे बडबडे मोबाइल दिवसातून दोनदा चार्जरला लोंबकळतात, त्यांना विचारा की!

दसऱ्याला मात्र त्यांना माझा पुळका आला. शस्त्रपूजेत माझी वर्णी लागली. हळद-कुंकू, झेंडू. शिवाय वॉचमनला हुकूम, "तानाजी, पोरं हात लावतात हिला. चांगल्या स्टीलच्या डब्यात ठेव नि कुलूप घाल." तानाजीने घातलं. स्टीलमधून आवाज जातो का, हे विचारायची अक्कल एकालाही झाली नाही.

पंप तेव्हा चालू होता, आणि 'भरली' ऐकल्याशिवाय तो थांबत नाही. बहिणीचा शब्द आत येईना, माझा बाहेर जाईना. झोप सोडून मी हाका मारत राहिले. सेल आधीच म्हातारे, त्यात त्यांचा जीव जाऊ लागला. वर टाकी भरून पाणी जिन्यात आलं, नि सातव्या मजल्यावरच्या सगुणाताई कडाडल्या, "अरे सुधीर, माझी रांगोळी वाहून चालली! जिन्यातून गंगा आणायला तू काय भगीरथ?"

सुधीरनी खापर कुणावर फोडावं? "या झोपाळू डबीनेच घात केला. टाक भंगारात!"

मला बाहेर काढायला तानाजीने कुलूप काढून झाकण उघडलं. बहिणीचा शब्द कानावर आला. उरल्यासुरल्या जिवाने मी तो खाली फेकला. 'भरली!' पंप थांबला.

"साहेब," तानाजी म्हणाला, "झाकण काढलं नि पंप बंद पडला हो."

सुधीरनी ते झाकण स्वतःच बाजूला ठेवलं. माफी? छे! "नवे सेल आण," एवढंच पुटपुटले.

तर मित्रांनो, हार नको, कुंकू नको. सेल वेळेवर बदला, तोंड मोकळं ठेवा, आणि कमी बोलणारीला आळशी म्हणू नका. तो स्टीलचा डबा सगुणाताईंनी नेला. त्यात आता रांगोळी असते. तिला काही बोलायचं नसतं.