चेहरा आणि पंजे सोडून

सकाळी आठच्या सुमाराला आई मोठ्या मुलीचे लांब बाह्यांचे टी-शर्ट इस्त्री करत होती. मुलगी एकोणीस वर्षांची, व्यावसायिक गोल्फपटू. ऐन उन्हाळ्यातही ती पूर्ण बाह्या घालून खेळते, याचं वर्तमानपत्रांना भारी कौतुक. शिस्त म्हणे. खरं कारण घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं.

नवऱ्याला सगळे सर म्हणत, बायकोसुद्धा. सरांनी मुलीला आठव्या वर्षापासून घडवलं होतं, आणि घडवणं म्हणजे काय, तर डोकं काढून टाकलेल्या जुन्या क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, लोखंडी दांडा. चुकलेल्या प्रत्येक फटक्याला एक तडाखा. चेहरा आणि पंजे सोडून कुठेही, कारण चेहरा फोटोत येतो आणि पंजांनी क्लब धरायचा असतो. अशा वेळी आई रेडिओ मोठा करून स्वयंपाकघरात मूग गिळून बसायची. अकरा वर्षं बसली होती.

काल मुलीचं विजेतेपद एका फटक्याने हुकलं होतं. शेवटच्या होलवर तिचा क्लब लागून गवतातला चेंडू सूतभर हलला. तिने आपणहून पंचांना सांगितलं आणि दंडाचा फटका स्वतःच्या नावावर लावून घेतला.

"कोणी बघितलं होतं का?" हॉलमधून सरांचा आवाज आला.

"मी बघितलं होतं, बाबा."

मग दांडा वाजला. पहिला पाठीवर, दुसरा मांडीवर. पोरगी खुर्चीसकट आडवी झाली, तरी तडाखे पडतच राहिले. आईचा हात सवयीने चालू असलेल्या रेडिओकडे गेला.

तेवढ्यात अंगणात सराव करणारी सात वर्षांची धाकटी आत आली. तिने आईकडे पाठ केली, पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला आणि पोटरी पुढे केली.

"आई, माझा एक चुकला. बाबा ताईला मारतायत. मला तू मार, तू हळू मारशील."

रेडिओ बंद करून आई हॉलमध्ये धावली. खाली येणारा दांडा अडवायला तिने हात घातला, तो थेट मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसऱ्या हाताने तिने दांडा पकडला तो सोडलाच नाही. सरांनी केस धरून तिचं डोकं दोनदा भिंतीवर आपटलं, तरी नाही. शेवटी मोठीने कशीबशी उठून बापाला ढकललं, आणि तो टेबलाच्या कोपऱ्यावर कपाळ फोडून घेऊन खाली बसला.

"घरातली गोष्ट आहे," तो धापा टाकत म्हणाला. "उंबऱ्याबाहेर गेली तर हिच्या करिअरची माती होईल."

"होऊ दे," मोठी म्हणाली.

तिघी दाराबाहेर आल्या, तर तिथे सरांकडे गोल्फच्या शिकवणीला आलेल्या मुलांचे पालक उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रक्ताने माखलेल्या आईला बघून एकाने मान खाली घातली. दुसरा अजिजीने म्हणाला, "सर कडक आहेत खरे, पण पोरगी घडवली ना त्यांनी?"

मोठीने बाही खांद्यापर्यंत वर केली. अख्खा दंड काळानिळा होता.

"हे घडवलंय, काका."

आपल्या मुलीचं बोट काकांनी सोडलं की घट्ट धरलं, ते बघायला या तिघी थांबल्या नाहीत.

चौकीत हवालदाराने कागद पुढे ओढला. "तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्या नवऱ्याविरुद्ध," आई म्हणाली. मोडलेला हात तिने पोटाशी धरला होता. "आणि खाली माझंही नाव लिहा. अकरा वर्षं मी शेजारच्या खोलीत होते."