पोह्यांच्या डब्यात लपवलेली मेझुझा

मी एक जुनी पितळी मेझुझा आहे. नाव ऐकून गोंधळलात ना, मित्रांनो? मला त्याचा राग नाही. भल्याभल्यांना माझे नाव नीट घेता येत नाही आणि एका डिलिव्हरीवाल्याने तर मला दाराची बेल समजून दोनदा दाबले होते.

मी बोटभर लांबीची नळी आहे. माझ्या पोटात चर्मपत्राची एक छोटी गुंडाळी असते आणि तिच्यावर हिब्रू भाषेत प्रार्थना लिहिलेली असते. ज्यू लोक मला घराच्या चौकटीवर उजव्या हाताला जराशी तिरकी लावतात. येता-जाता बोटे मला लावायची आणि ती ओठांना टेकवायची, एवढीच माझी सेवा. ना फुले, ना नैवेद्य. तरी माझे कधी काही अडले नाही.

माझा जन्म अलिबागजवळच्या झिराड गावातला. तिथे मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, तेलाचे घाणे चालवत. शनिवारी ते घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. झिराडकरांच्या घाण्यावर तेल मोजायचे एक पितळी माप होते. घाणा बंद पडला आणि माप अडगळीत गेले. मग कुणाला तरी सुबुद्धी झाली आणि अलिबागच्या तांबटाने त्या मापाचा पत्रा कापून, वळवून, डाग देऊन माझी नळी केली. पहिली काही वर्षे माझ्या अंगाला तिळाच्या तेलाचा वास येत असे. माणसे मला शिवत आणि नकळत बोटे हुंगत.

झिराडहून मी ठाण्याला गेले आणि ठाण्याहून विमानात बसून सिंगापूरला आले. एली झिराडकर पाया लेबारच्या एका कंपनीत इंजिनीअर आहे. त्याची बायको शुलामित, म्हणजे आमची शुला, हार्बरफ्रंटला जहाजांच्या ऑफिसात काम करते. त्यांची दहा वर्षांची मुलगी यायल. तिघे सेम्बावांगला एका उंच इमारतीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. घरमालकाने भिंतींना भोके पाडू नका अशी ताकीद दिली होती, म्हणून मला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावले. स्क्रूवर मिरवलेली मी, टेपवर आले! पण टेप घट्ट होता. माझा संसार पुन्हा सुरू झाला.

लांबलचक कॉरिडॉर आणि शेजारच्या दारात पानदान या सुगंधी पानांच्या झाडाची हिरवीगार कुंडी. ते दार रोझनाहचे. ती मलाय बाई साठी उलटलेली, नमाजी, तोंडाने फटकळ आणि हाताने सढळ. सगळे तिला मकचिक म्हणतात, म्हणजे मावशी. ती डुक्कर खात नाही आणि आमचे लोकही खात नाहीत, यावरून तिची आणि शुलाची पहिल्याच आठवड्यात गट्टी जमली. शुला आमच्या ज्यू नव्या वर्षाला नारळाच्या दुधातला हलवा करी आणि पहिली ताटली मकचिककडे जाई. ईदला तिकडून रंगीत कुए, म्हणजे मलाय गोड वड्या, येत. मकचिकचा नातू हफीझ तिच्याजवळच वाढला. हल्ली तो सक्तीच्या लष्करी सेवेत आहे. शनिवार-रविवारी सुट्टीवर आला, की त्याचे काळे बूट आजीच्या दाराबाहेर दिसत. मी काय आहे हे एकदा त्यानेच मकचिकला मोबाइलवर शोधून सांगितले होते. "देवाचं नाव आहे, जपलं पाहिजे," असे म्हणून ती कॉरिडॉर पुसताना माझ्यावरूनही फडके फिरवू लागली. इतके कौतुक माझे झिराडलासुद्धा झाले नव्हते!

आणि मग दूर तिकडे युद्ध सुरू झाले.

मित्रांनो, शुलाची मोठी बहीण रिव्का इस्राएलमध्ये अश्कलोनला राहते. दर शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, दिवे लावण्याआधी शुला दारात उभी राहून ताईला फोन करी, कारण घरात तिथेच रेंज चांगली मिळते. पूर्वी त्या बटाट्याच्या भाजीवरून भांडत. आता बोलता बोलता फोनमधून रॉकेटहल्ल्याचा भोंगा ऐकू येई. "थांब गं, आसऱ्याच्या खोलीत जाते," असे ताई म्हणे आणि फोन मुका होई. शुला तशीच उभी राही. तिची बोटे माझ्यावर टेकलेली असत आणि ती थंडगार पडत. ताईचा मुलगा राखीव सैन्यात बोलावला गेला होता. त्याचे नाव घेताना दोघी आवाज खाली आणत.

शेजारच्या दारातूनही आवाज येई. मकचिकचा टीव्ही चालू असे आणि त्यात गाझातली पडलेली घरे, मुलांना उराशी धरून धावणारी माणसे दिसत. मकचिक रडे. तिचे रडणे मी ऐकत होते, तसे शुलाही ऐकत होती. एकदा तिने तीच चित्रे आपल्या मोबाइलवर पाहिली, चपलांच्या कपाटाशी बसून तोंडावर ओढणी धरली आणि तीही रडली. पण ते मकचिकला कसे सांगायचे? आपल्या रडण्यावर ती विश्वास ठेवील का, या भीतीने शुलाने दार उघडण्याआधी कानोसा घ्यायला सुरुवात केली. कॉरिडॉरमध्ये मकचिक नाही ना, हे पाहूनच ती बाहेर पडे.

भीती एकदा घरात शिरली, की ती पाहुण्यासारखी राहत नाही, मालकीण होते. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरात, जाताना पिशव्यांची तपासणी आधीपासूनच होत असे. आता शुलाला तिथे उभे असलेले पोलीस पाहूनही धडकी भरे. शाळेत कुणी विचारले तर काय सांगायचे, हे तिने यायलला पढवले.

"आपण महाराष्ट्रातले, एवढंच सांगायचं."

"ममा, एव्हरीवन नोज लाह. मी हानुका सणाची चक्री शाळेत नेली होती." यायल इथल्या बोलीसारखे शेपटाला 'लाह' लावून म्हणाली.

"यायल, ऐक माझं. पुढचं काही बोलायचं नाही."

झिराडकर हे आडनाव तसे सोयीचे. ऑफिसातल्या मराठी मंडळींनासुद्धा शुला गणपतीला मोदक करत असेल असेच वाटे. पूर्वी ती हसून खुलासा करी. आता तिने खुलासे करणे सोडून दिले.

एली तिला समजावी. "शुला, इथं कोण काय करणारे? इथे कायदा कडक आहे."

"कायदा नंतर येतो, एली. आधी माणूस दारात येतो."

एके दिवशी दुपारी यायलच्या वह्यांचे पार्सल आले. घरी कुणी नव्हते. डिलिव्हरीवाल्याने ते दारात ठेवले, रिवाजाप्रमाणे फोटो काढला आणि शुलाला पाठवून दिला. त्या फोटोत खाली खोके होते, मध्ये घराचा नंबर होता आणि वरच्या कोपऱ्यात मी होते, लख्ख. मकचिकने मला सकाळीच पुसले होते ना!

त्या बिचाऱ्या पोराच्या मनात काहीही नव्हते. पण शुला ऑफिसातून धावत-पळत घरी आली. "घराचा नंबर आणि हे, दोन्ही एका फोटोत! कुठे कुठे जाईल तो फोटो!" ती एकटीच बोलत होती. तिने टेपखाली सुरी घातली. आईच्या अंगावरून मूल ओढावे, तशी मी निघाले. सोबत चौकटीचा रंगही पोपडा होऊन निघाला आणि मागे एक उघडी पांढरी पट्टी राहिली.

मला फेकायला तिचा हात धजला नाही. आमच्या लोकांत नवस फेडताना पोह्यांचा मलिदा करतात. त्या पोह्यांचा वेगळा, सोवळा डबा होता. तिने मला रुमालात गुंडाळून त्या पोह्यांत खोल खुपसले आणि झाकण लावले.

मित्रांनो, मी पितळेची असले तरी तिथे मला भीती वाटली. डब्यात काही दिसत नसे. भोंगा वाजला का, ताई बोलली का, यायल शाळेतून नीट आली का, काही नीट कळत नसे. जिचे सारे आयुष्य दारावर गेले, तिला डब्यात कोंडणे म्हणजे काय, ते तुम्हाला कसे सांगू?

पण सवय मोडत नाही, हे मला नंतर कळले. घराबाहेर पडताना शुलाचा हात आपोआप वर जाई, उघड्या पट्टीला लागे आणि ओठांशी येई. मग तिला आठवे आणि तिचे डोळे भरून येत. आपल्याला कुणी पाहत असेल, हे काही तिच्या ध्यानात आले नाही.

एका संध्याकाळी बेल वाजली. स्वयंपाकघर दाराला लागूनच असल्यामुळे मला सारे ऐकू आले. त्या दोघी इंग्रजीत बोलत होत्या, मी आपल्या भाषेत सांगते.

"शुला, आज मला बोलू दे," मकचिक म्हणाली. "तू माझ्याशी बोलत नाहीस, ते का, हे मला कळतं. तुझं देवाचं नाव कुणी तरी ओरबाडून नेलं. मी पाहिलं, तू रोज त्या रिकाम्या जागेला हात लावतेस आणि रडतेस."

शुलाने तिला आत घेतले.

"मी आधी माझ्याच घरात शोधलं. हफीझ त्या युद्धावरून फार चिडायचा, टीव्हीसमोर ओरडायचा. मी त्याचं कपाट उपसलं, बॅग उलटी केली. सरळ विचारलं, तू काढलंस का? तो म्हणाला, आजी, तू मला असला समजतेस? दोन कपडे घेऊन तो बापाकडे निघून गेला लाह. आता फोनही घेत नाही. शुला, त्यानं नसेल केलं. पण केलंच असेल, तर तू पोलिसांकडे जाऊ नकोस. तो सैन्यात आहे, पोराचं आयुष्य उभं जळेल. मी तुझ्या पाया पडते."

मी डब्यात होते आणि मला ओरडावेसे वाटत होते. अगं, मी इथे आहे! पण मला तोंड कुठले?

मग पावले स्वयंपाकघरात आली. झाकण उघडले आणि पोह्यांत हात शिरला. शुलाने मला रुमालातून सोडवून मकचिकपुढे धरले. माझ्या अंगावर पोह्यांचा भुगा होता.

"कुणी नाही नेलं," शुला म्हणाली. "मीच काढलं, मकचिक. मला भीती वाटली."

मकचिक माझ्याकडे पाहत राहिली. नेहमीसारखा तिचा हात मला पुसायला पुढे आला आणि मध्येच थांबला.

"कुणाची?" तिने विचारले. "माझी?"

शुलाने मला मुठीत आवळले. मकचिक वळली आणि तिच्या घराचे लोखंडी दार लागल्याचा आवाज आला. मी खूप आवाज ऐकले आहेत, मित्रांनो. फोनमधला भोंगासुद्धा ऐकला आहे. पण त्या दाराच्या आवाजाने मी आतून हलले.

शुलाने त्याच संध्याकाळी मला पुन्हा चौकटीवर लावले. घाईत मी हवी त्याहून जास्तच तिरकी बसले. मग ती मकचिकच्या दाराशी गेली. पुष्कळ वेळाने दार उघडले. शुला दारातच म्हणाली, "ताईसाठी मी रडले, तसं तिकडच्या मुलांसाठीही रडले. ते तुला सांगायलाही भ्याले." दोघी उंबऱ्यावर बसल्या. त्या दिवशी दोघींनी हफीझला खूप फोन केले. त्याने एकही घेतला नाही.

पुढच्या शनिवारी तो आला, उरलेले कपडे न्यायला. शुला दारातच उभी होती. ती म्हणाली, "हफीझ, चूक माझी. तुझ्यावर आळ आला तो माझ्यामुळे. मला माफ कर."

त्याने माझ्याकडे पाहिले. पोर उंच झाले होते. तो रागाने बोलला असता तर बरे झाले असते, पण तो अगदी हळू बोलला. "आंटी, हे तुम्ही परत चिकटवलंत. पण आजीला जे वाटलं ना, की मी असं करू शकतो, ते कसं परत चिकटवणार?" आणि पिशवी उचलून तो लिफ्टकडे गेला.

मित्रांनो, युद्ध अजून दूर आहे आणि भीती अजून जवळ आहे. शुक्रवारी फोन लागेपर्यंत शुलाची बोटे माझ्यावर थंडगारच असतात. शेजारच्या दारात मकचिकही फोन हातात धरून बसलेली असते. मी मात्र दारावर आहे, उघडी, सर्वांना दिसेल अशी.

माझे तुम्हाला एकच मागणे आहे. मला जपा, असे मी म्हणणार नाही. मी पितळेची आहे, मी टिकेन. तुम्हाला भीती वाटली तर ती शेजाऱ्याला बोलून दाखवा. न सांगता काही लपवू नका, कारण लपवलेल्या वस्तूचा आळ कुठे तरी जातोच आणि बहुतेक वेळा अगदी जवळच्याच माणसावर जातो.

आता दर शनिवारी मी सकाळपासून एकाच जागी पाहत असते. मकचिकच्या दाराबाहेर, पानदानच्या कुंडीशेजारी, हफीझचे काळे बूट दिसतात का ते.

अजून दिसले नाहीत.