गळ्याचं माप

कॉलरचं वरचं बटण काही केल्या लागेना, तशी शिंपीणबाईने नवं जाकीट अंगातून ओरबाडून काढलं आणि कटिंगच्या टेबलावर फेकलं.

"घरच्या माणसाला साधं मापातलं जाकीटही मिळायचं नाही का?"

शिंपी गप्प राहिला. गेल्या चार महिन्यांत तो तेवढंच शिकला होता. बायकोच्या नाकावर राग पहिल्यापासूनच, पण हल्ली तो खाली उतरतच नव्हता. रात्रभर टक्क जागी, हात थरथरणारे, सुईत दोरा जात नाही, गिऱ्हाइकांच्या अंगावर धावून जाणं. परवा तर ती ओरडलीच होती, "गणवेशांचं काम संपलं की मी ताईकडे जाणार. कायमची! वीस वर्षं राबतेय, दुकानाच्या पाटीवर नाव मात्र तुमचं एकट्याचं."

डोकं फिरलंय हिचं, असं तो भावाला म्हणाला होता. भावाने वेड्यांच्या डॉक्टरचा पत्ता लिहून दिला. तो खिशात घेऊन शिंपी दोन दिवस वावरत होता.

जाकीट त्याने जुन्याच मापावर बेतलं होतं. परक्या गिऱ्हाइकाचं माप तो दरवेळी नव्याने घेई. बायकोचं पाठ होतं. आता चूक शोधायला त्याने टेप काढली.

"जरा सरळ उभी राहा."

कंबर दोन इंच उतरली होती. गळा मात्र पाऊण इंच वाढला होता. त्याने पुन्हा मोजलं. अंग वाळलं की गळाही उतरतो, हे त्याच्या उभ्या धंद्यात कधी चुकलं नव्हतं. तेवढ्यात तिने आवंढा गिळला आणि त्याच्या बोटांखाली गाठीसारखं काहीतरी वरखाली सरकलं. त्याने टेप टेबलावर टाकली. तिला तसंच घेऊन तो नेहमीच्या दवाखान्यात गेला.

रक्त तपासल्यावर घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं. थायरॉइडची ग्रंथी नको तितकं काम करत होती.

"चिडचिड, धडधड, झोप न लागणं, सगळं त्याचंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या चुकवू नका. हळूहळू शांत वाटेल."

रस्त्यावर आल्यावर शिंप्याला इतकं हायसं वाटलं की तो मोठ्याने हसला.

"म्हणजे ताईकडे जायचं वगैरे... ते थायरॉइड बोलत होतं तर!"

तिने गोळ्यांची पुडी पिशवीत नीट ठेवली.

पुढचे तीन महिने गोळी आणि पाण्याचा पेला त्याने रोज स्वतः तिच्या हातात दिला. हात थरथरायचे थांबले. झोप लागू लागली. गणवेशांचा शेवटचा गठ्ठा शाळेत पोचला त्या दुपारी तिने मशीनवर झाकण घातलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. चेहरा अगदी निवांत होता. सुटलो बुवा, असं शिंप्याला मनापासून वाटलं.

"त्या दिवशी मी तुमच्यावर ओरडले," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"अगं, सोड ते. आजार होता तो."

"हो. ओरडणं आजाराचं होतं." तिने पदराने कपाळ टिपलं. "ताईला कळवलंय मी. संध्याकाळी निघते. महिनाभराच्या गोळ्या घेतल्यात सोबत, काळजी करू नका."