गॅमा लिहिला नाही तरी

"बॅज तर शून्य दाखवतोय," साहेबांनी फाइल मिटली. "मग हात कशानं जळला, ते आम्ही काय सांगणार?"

बाबांनी बँडेजमधला उजवा हात टेबलावर ठेवला. त्याला आता दोनच बोटं उरली होती.

"साहेब, बॅज ड्रॉवरमध्ये होता. तुम्हीच म्हणालात, काढून ठेव."

"लेखी आहे काही?"

सतरा वर्षं बाबा किरणांच्या कॅमेऱ्यानं पाइपांच्या जोडांचे फोटो काढत होते, आतली चीर दिसावी म्हणून. त्या दिवशी कॅमेऱ्यातली किरणोत्सारी गोळी नळीत अडकली. काम थांबवून तज्ज्ञ बोलवायचे, हा नियम. पण काम थांबवायचं नव्हतं. बॅजवर जास्त किरणं नोंदली गेली की माणसाला बाजूला बसवतात, म्हणून बॅज ड्रॉवरमध्ये गेला आणि बाबा नळीपाशी. चिमटा पोचेना, तेव्हा हातानं.

इजा कामावर झाली, एवढी एक ओळ त्यांना हवी होती.

"पोरीला पाणी देऊ?" साहेबांनी विचारलं. निर्लज्जपणा मोजणारा बॅज अजून कुणी काढलेला नाही.

घरी आल्यावर मी वही उघडली. दुसऱ्या दिवशी परीक्षा होती.

"बाबा, हे समीकरण जुळेना. इरिडियम, खाली सत्त्याहत्तर. त्यातून बीटा गेला, तर प्लॅटिनमचे अठ्ठ्याहत्तर कसे? जाऊन वाढतात होय?"

"अगं वेडे, बीटाच्या खाली उणे एक. अठ्ठ्याहत्तर उणे एक, झाले सत्त्याहत्तर. वर दोन्हीकडे एकशे ब्याण्णव. आमच्या गोळीत हेच चालायचं. परवान्यासाठी घोकलंय मी."

"आणि गॅमा?"

"वर शून्य, खाली शून्य."

"मग नाही लिहिला तरी जुळतंच. बाई म्हणतात, सोडला तरी चालतो."

मी बोलून गेले आणि जीभ चावली.

बाबांनी वही स्वतःकडे ओढली.

"अल्फा साध्या कागदाला हरतो," ते म्हणाले. "बीटा गोळीच्या पत्र्यातच अडकतो. हाताला लागला तो गॅमा."

त्यांनी डाव्या हातात पेन्सिल धरली. ओळीच्या शेवटी अधिकचं चिन्ह काढलं, मग गॅमा. वाकडा, रेघेखाली घसरलेला. वर शून्य. खालच्या शून्याची दोन टोकं काही जुळेनात. मी हात पुढे केला, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

पेन्सिल पुन्हा टेकवली, आणि शून्य पुरं केलं.