मागे राहिलेली ओर्फा

आमच्या घरात ‘थर्झा’ ही शिवी होती. मुलाला शाळेतून आणायला मला एकदा अर्धा तास उशीर झाला, तर आईने दारातच विचारलं, “काय गं, थर्झा झालीस का तू?”

थर्झा ही आईच्या पणजीची आई. नवऱ्याबरोबर बैलांच्या गाडीतून ती ओहायो सोडून नेब्रास्काच्या माळावर नवी जमीन कसायला गेली, आणि तापाने फणफणलेल्या पाच वर्षांच्या ओर्फाला, म्हणजे त्या पणजीला, तिच्या आजीपाशी ठेवून गेली. पुढच्या वर्षी न्यायला येते म्हणाली. आली नाही. ओर्फा आजीकडेच वाढली, त्याच गावात तिचं लग्न झालं, नऊ मुलं झाली. म्हातारपणीसुद्धा ती संध्याकाळी पश्चिमेच्या रस्त्याकडे तोंड करून बसायची, असं आईची आजी सांगे. तो राग आम्ही चार पिढ्या मुरवला.

मला जुन्या शिरगणत्या चाळायचा नाद आहे. एकदा त्यात थर्झा सापडली. नेब्रास्कात नवरा, ती, आणि दोन वर्षांची मुलगी. मुलीचं नाव ओर्फा. मी गप्प बसायला हवं होतं, पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

“एक टाकली आणि त्याच नावाची दुसरी आणली!” आई कडाडली. “कप फुटला की नवा आणतात तशी!” त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “मला तिच्या थडग्यापाशी ने. चार शब्द सुनवायचेत.”

“अगं, ती मेलीय.”

“म्हणूनच. उलटून बोलायची नाही.”

चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला कोण अडवणार? आणि तिला खरं तर भांडायचं नव्हतंच. पणजी तिच्या आईला नकोशी झाली होती का, एवढंच तिला डोळे मिटायच्या आत कळायला हवं होतं. मलाही हवं होतं.

मे महिन्याच्या शेवटी सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात, तो दिवस गाठून आम्ही पोचलो. दुसऱ्या ओर्फाच्या वंशातली आर्डिथ मी फोनवरून शोधून काढली होती. ती कॉफीच्या डब्यांत पिओनीची फुलं घेऊन दफनभूमीच्या फाटकाशी उभी होती. तिने आईला मिठी मारली. आई ओंडक्यासारखी ताठ.

थर्झाचा दगड मोठा होता. शेजारी एक वीतभर दगड, त्यावर कोरलेलं: ओर्फा, वय सहा.

“ही कोण?” आईने विचारलं.

“पहिली ओर्फा. ओहायोत वारली ती. म्हणून तर माझ्या पणजीला तिचं नाव दिलं. तेव्हा रीतच होती ना मावशी, गेलेल्या लेकराचं नाव पुढच्याला ठेवायची.”

ही रीत मलाही ठाऊक होती. पण आमची ओर्फा गेली असं कुणाला वाटलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

“वारली? कोण म्हणालं?” आईचा आवाज चिरकला.

“तिची आजीच. दुसऱ्या उन्हाळ्यात थर्झाचा नवरा पोरीला आणायला गेला होता. थर्झाचे दिवस भरत आलेले, नाहीतर तीच जाणार होती. आजीने फाटकातच सांगितलं, पोर हिवाळ्यात गेली. तिचे बूट त्याच्या हातात दिले. तेच पुरलेत इथे. या दगडाला फुलं चुकवायची नाहीत, अशी शपथ घालून गेलीय थर्झा.”

आई गवतात मट्कन बसली.

“तळघर,” ती म्हणाली. “त्या आजीने पणजीला लहानपणी एकदा दिवसभर तळघरात ठेवलं होतं. जॅमची अख्खी बरणी दिली होती हातात. वर आली तर बूट नाहीत. कुत्र्याने पळवले, असं आजीने सांगितलं. पणजी गंमत म्हणून सांगायची गं! हसून सांगायची!”

इतका वेळ अखंड बोलणारी आर्डिथ हळूच म्हणाली, “म्हणजे जगली ती?”

“नव्वदीला टेकली होती.”

“आणि त्या म्हातारीने...”

“पोर सोडवली नसेल तिला,” आई म्हणाली. पण तिच्या बोलण्यात माया नव्हती.

तिने लहान दगडापुढचा फुलांचा डबा उचलला. तो छातीशी धरून गुडघ्यांवर रांगत ती थर्झाच्या दगडापाशी गेली. मी हात द्यायला धावले, तिने झटकला. डबा ठेवून तिने दगडावर तळवा टेकला, ताप बघतात तसा.

“थर्झा, बाई, तुझी ओर्फा जगली गं. ताप उतरला तिचा. मोठी झाली, संसार केला, नऊ लेकरं वाढवली. तुला येणाऱ्या-जाणाऱ्याकडून कानावरसुद्धा आलं नसेल.” आर्डिथ तिच्या शेजारी येऊन बसली. आईने चाचपडत तिचा हात घट्ट धरला.

“आणि आम्ही तुला शिव्या घातल्या,” आई म्हणाली. “जेवायला बसलं की घालायचो.”