तिसरी तार

गिटारीची तिसरी तार मुळात गिटारीची नव्हतीच. नागपूरहून आणलेली तार रिठद गावच्या कोरड्या हिवाळ्यात तडकली, तेव्हा ललिताबाईने नूरखाँ पिंजाऱ्याकडून कापूस पिंजायच्या धनुकलीची बारीक तात, म्हणजे आतड्याची दोरी, मागून आणली. नूरखाँने ती काचेच्या तुकड्याने तासून आणखी बारीक केली, छेडून पाहिली आणि म्हणाला, "कापूस तं लय पिंजला हिनं. आता गाणं पिंजन."

कॉलेजात असताना वसतिगृहाच्या गोव्याकडच्या मेट्रनने ललिताबाईला हे वाद्य शिकवले होते आणि लग्नात ते तिलाच देऊन टाकले होते. सोबत दोन पाने होती: शंभर वर्षांपूर्वीच्या कुण्या युरोपीय वादकाने एकट्या गिटारीसाठी लिहिलेली छोटी रचना. शीर्षकाचा कोपरा वाळवीने नेला होता. सारा खेळ अडीच मिनिटांचा. आरंभी सूर खाली मान घालून चालत; मग एकाएकी, बंद खोलीचे कवाड उघडावे तसे, ते उजळत; आणि परतताना तीच उदासी ताठ मानेने येई. त्या परतीसाठी ललिताबाई दोन वर्षे रोज दुपारी गोठ्याशेजारच्या खोलीत बसत होती.

सासरे दौलतराव यांना त्या टुणटुणीचे वावडे नव्हते. पण गावात बोलले जाई, आणि ते त्यांना बोचे. अखेर त्यांनी निकाल लावला.

"सूनबाई, शाळेच्या नव्या खोलीचा कार्यक्रम हाये. थ्या दिवशी साऱ्यायपुढं वाजव. लोकायनं मान डोलावली तं खुशाल वाजवत राह्य. हसले, तं गिटारीची पेटी माळ्यावर. मंग मले काही म्हणू नको."

"बरं, मामंजी," ती म्हणाली.

कार्यक्रमाच्या सकाळी सारे गाव मांडवात होते. डोक्यावरचा पदर कानामागे खोचून, डावा पाय दोन विटांवर ठेवून ललिताबाईने पहिला सूर छेडला. इतके नितळ ती आजवर कधी वाजवू शकली नव्हती. शेवटचा स्वर विरला आणि मांडव गप्प राहिला.

पहिल्या रांगेत बबनराव बसले होते. दौलतरावांचे शेतशेजारी, भजनी मंडळाचे पखवाजवाले. त्यांनी आपुलकीने विचारले, "जुळलं का बाई? जुळलं असन तं करा मंग सुरू. आमी कवाचे बसून राह्यलो."

मांडव हसला. त्या हसण्यात विष नव्हते. पखवाज सुरात आणायला त्याला कणीक लावण्यातच ज्यांचा अर्धा तास जातो, त्यांना गाणाऱ्यावाचूनची अडीच मिनिटे ही पूर्ण वस्तू वाटणार तरी कशी? पण हसणे ते हसणेच. दौलतराव स्वतःच्या जोड्यांकडे पाहू लागले होते.

डोळे भरून येण्याआधीच ललिताबाईला उमगले, की समजावून सांगण्यात काही अर्थ नाही.

"नाही जुळलं अजून, बबनकाका," ती म्हणाली. "आता जुळवते."

आणि तिने एकेक करून सहाही तारा ढिल्या सोडल्या. हे धाडसच होते. एकदा सैल पडलेली तात पुन्हा ताण सोसेल, याची हमी नूरखाँनेही दिली नसती. जाड तार दमलेल्या बैलासारखी हंबरली. पोरे खिदळली. मग तिने खुंट्या चढवायला घेतल्या. पहिली जाड तार बसली, तिच्या आधाराने दुसरी. बबनरावांचा कान नकळत तिरपा झाला. तातीची पाळी आली तेव्हा त्यांचा हात आपोआप वर गेला.

"चढव अजून. जराशी... जराशी... पोरी, घाई नको करू... बास!"

तात करकरली, पण टिकली.

"आता जुळलं, काका?"

"जुळलं. एकदम खणखणीत."

"मग ऐका."

चार सूर होताहोताच बबनराव ताठ झाले. "आरं! हे तं मंघाचंच!"

"मंग गप आयक ना लेका!" दौलतराव खेकसले.

आता मांडवाला फरक कळला होता: मघाचे वाजवणे ही वाटचाल होती, मधले तारा जुळवणे नुसते जोडे घालणे. कवाड उघडले, तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. नुकत्याच ताणलेल्या तारा घसरत होत्या. ललिताबाई बोटांच्या दाबाने त्यांना सावरत होती. परतीची चाल साऱ्या वजनासह तिसऱ्या तारेवर आली, आणि कापसाच्या राशींतून आलेली ती तात ताठ मानेने गायली.

शेवटचा स्वर विरला. मग मागून नूरखाँचा आवाज फुटला, "तिसरी तार माही हाये! माह्या धनुकलीची!"

मांडव पुन्हा हसला, आणि या खेपेला ललिताबाईही. टाळ्यांनी मांडवाचे कापड हलले. बबनराव उठून उभे राहिले. "बाई, अजून एक डाव होऊ द्या. आता मले वाट ठाव हाये."

तिसऱ्या खेपेला, कवाड उघडायच्या एक क्षण आधीच, साऱ्या मांडवाची मान हलली.

परतताना गडी जगदेवने पेटी उचलली. "मालक, लोक तं हसले. माळ्यावर ठिवू?"

"माळ्यावर तूर हाये," दौलतराव म्हणाले. त्यांनी पेटी त्याच्या हातातून घेतली, खांद्यावर टाकली, आणि घराकडची जवळची बोळ सोडून, ते भर बाजारातून चालू लागले.