एक निरी जास्त

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात मधुकर मास्तरांच्या गच्चीवरच्या तारांकडे बघून लोक दोन तर्क करत. एक, मास्तरांच्या घरी लुगडी फार वाळत घालायची असतात. दोन, मास्तरांची सासुरवाडी बुधवाऱ्यातल्या कापडवाल्यांची, तेव्हा असायचीच. खरं कारण मास्तर स्वतः सांगत, आणि म्हणूनच त्यावर कोणाचा विश्वास बसत नसे.

मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांच्याकडे दिल्लीहून आलेला हौशी रेडिओचा परवाना होता, मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेलं लढाईतलं यंत्र होतं, आणि खटका दाबून कट्ट-कडकट्ट करत कुठल्याही देशातल्या माणसाशी बोलायची कायदेशीर मुभा होती. फक्त माणूस नव्हता. मास्तरांना सगळे ऐकू येत. सिलोनचा यायचा, ब्रह्मदेशचा यायचा, कलकत्त्याचा एकजण तर रोज सकाळी आपल्या पोटाची तक्रार साऱ्या आशियाला कळवायचा. मास्तर त्याला ओव्याचं पाणी सुचवत. ते सुचवणं गच्चीच्या कठड्यापलीकडे जात नसे.

दोष तारेत आहे यावर मास्तरांचं आणि पुस्तकाचं एकमत होतं. खटक्याचं बोलणं हवेत फेकते ती तार: मधोमध तोडलेली, दोन्हीकडे दोन हात पसरून उभी असलेली तांब्याची तार. हे हात किती लांब असावेत ते रेडिओच्या लहरीच्या लांबीवर ठरतं. माप चुकलं की झोक्याला भलत्या वेळी धक्का दिल्यासारखं होतं. घाम येतो, झोका हलत नाही. मास्तरांच्या लहरीला एकेक हात अकरा वार हवा होता.

तांब्याची तार बुऱ्हाणपुरात मिळायला काही अडचण नव्हती. जरीसाठी तार ओढणारे कारागीर गावात पूर्वीपासूनचेच. मास्तरांनी सुतळीएवढी जाड तार मागितली तेव्हा तो कारागीर जरा दुखावला, एवढंच. आणि अकरा वार मोजून घ्यायचं म्हटल्यावर आमच्या गावचा माणूस कुठे जाईल? कापडाच्या दुकानात. त्यातून दुकान मेव्हण्याचं. बुधवाऱ्यात गिरधरच्या पेढीवर लांबलचक फळी होती, सरकारी शिक्क्याचा लोखंडी गज होता, आणि बहिणीच्या नवऱ्याला चहा होता.

पहिली तार मास्तरांनी कडुलिंबापर्यंत नेली. तिच्यावर माकडं आली. दुसरी एका उंच बांबूवरून दोन्ही बाजूंना छपरासारखी उतरवली. पोस्टमन देवाचं काही असेल म्हणून तिच्याखालून जाताना पायातल्या वहाणा काढू लागला. तिसरी शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेऊन बांधली, तर शेजारीणबाईंनी ती आपल्या गोधड्यांसाठीच लावली आहे असं समजून मास्तरांचे आभार मानले. चौथी पूर्व-पश्चिम होती, पाचवी दक्षिणोत्तर. खांब बदलले, दोर बदलले, दिशा बदलल्या. माप मात्र दर वेळी त्याच दुकानात, त्याच गजाने, त्याच हातून. शास्त्रात याला शिस्त म्हणतात.

दसऱ्याला मास्तरांच्या आईने, धुरपदाबाईंनी, निकाल दिला. लीला म्हणजे मास्तरांची धाकटी बहीण. तिचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं होतं आणि मांडव गच्चीवर पडायचा होता.

"मधू," त्या म्हणाल्या, "मांडवाच्या आधी राज्याबाहेरचा एक तरी माणूस तुझ्याशी बोलला पाहिजे. नाही बोलला तर हे सगळं तांबं तांबटाला. लीलाला कळशी होईल."

मास्तरांनी जबलपूर चालेल का, नागपूर चालेल का, अशी विचारणा करून पाहिली. ती आपल्याच राज्यातली, आपल्याच राज्यात बोलायला यंत्र कशाला लागतं, असं उत्तर मिळालं. भुसावळ राज्याबाहेर होतं, पण तेही धरायचं नव्हतं. तिथे धुरपदाबाईंचा भाऊ राहत होता आणि तो यंत्राशिवायच पुष्कळ बोलत असे.

मग दिवाळी आली आणि दिवाळीत राज्य बदललं. रात्री आम्ही निजलो तेव्हा राजधानी नागपूर होती, उठलो तेव्हा भोपाळ. उंबरठे जिथल्या तिथे होते. बुऱ्हाणपूर मराठी मुलखात घ्यावं अशा अर्जावर गिरधरने मोठ्या अक्षरांत सही केली होती. तो अर्ज कुठे पोचला ते कळलं नाही. मास्तर त्याला म्हणाले, तुमच्या अर्जाचीही तार मापात चुकली असेल. गिरधर चार दिवस बोलला नाही, पण पाचव्या दिवशी सहावी तार मोजून दिली.

सहावी तारही मुकीच निघाली.

हळदीच्या दिवशी सकाळी उखर्डू मांडववाला बांबू, चटया आणि दोन भाचे घेऊन गच्चीवर दाखल झाला. त्याला तार आड येत होती. मास्तर त्याला थोडं थांबवत होते, तो थांबत होता आणि थांबण्याचा चहा पीत होता. खालच्या खोलीत मास्तरांची बायको शारदा लीलाला लग्नाचं लुगडं नेसवून बघत होती. लुगडं अर्थातच गिरधरच्या दुकानचं. तोही तिथेच ओसरीवर बसून कौतुकाची वाट बघत होता. लीला दोन पावलं चालली आणि निऱ्यांत पाय अडकून थेट धुरपदाबाईंच्या मांडीत जाऊन पडली.

शारदा हसून म्हणाली, "दादाच्या दुकानचं नऊवार नुसतं नावाला नऊवार असतं गं. एक निरी जास्त घ्यावी लागते. मी लग्नापासून घेते आहे."

जिन्यात मास्तर होते. उखर्डूसाठी चहाची तिसरी फेरी न्यायला उतरले होते. ते कपबशी हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"जास्त म्हणजे किती?" त्यांनी विचारलं.

"अहो, बायकांत काय बोलता," शारदा म्हणाली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने हाताने दाखवलं. "अर्धा वार. थोडं वरच."

मास्तर ओसरीवर गेले. त्यांनी मेव्हण्याला फक्त एवढंच सांगितलं की हवेतच मोजा, पण दुकानात मोजता तसं मोजा. गिरधरने नसलेला गज धरला, नसलेलं कापड ताणलं, आणि गजाच्या टोकाला आपला अंगठा उभा लावून त्याच्यापुढे चिमूट धरली. पुन्हा गज, पुन्हा अंगठा.

"हा अंगठा कसला?"

"धुतल्यावर कापड आखडतं ना, दाजी. गिऱ्हाईकाला आडवा अंगठा, बहिणीच्या घरचं असलं तर उभा. बहिणीला काय मोजून द्यायचं?"

"पण ती तार होती, गिरधरभाऊ. तार धुवायची नव्हती."

गिरधरने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. "ते मला ठाऊक आहे," तो म्हणाला. "याला कुठे ठाऊक आहे?"

त्यानंतर घरात जे झालं त्याला लग्नघर म्हणणं कठीण आहे. मास्तरांनी उखर्डूच्या दोन्ही भाच्यांना खांबांवर चढवून तार खाली घेतली. शाळेची लाकडी पट्टी कपाटावरून निघाली. शारदा एक टोक धरून बसली, लीला अर्धं नेसलेलं लुगडं खोचून दुसरं टोक धरून बसली, आणि मास्तर गच्चीभर रांगत फूट मोजू लागले. दोन्ही हातांना जवळजवळ दोन-दोन फूट माहेर जास्त निघालं. पक्कड सापडेना. धुरपदाबाई सुपारी कातरत जिन्याच्या तोंडाशी बसल्या होत्या; मास्तरांनी त्यांच्या हातातला अडकित्ता घेतला आणि काय होतंय ते त्यांना कळायच्या आत दोन्हीकडची एकेक निरी उडवली. अडकित्त्याला खाच पडली. तिचा उल्लेख त्या घरात पुढे अनेक वर्षं होत राहिला.

तार पुन्हा वर चढली. मास्तर गच्चीवर जिन्याच्या भिंतीशी ठेवलेल्या यंत्रापुढे बसले. कोणी ऐकत असेल तर बोला, या अर्थाची हाक त्यांनी खटक्यावर मारली, आपलं सांकेतिक नाव दिलं आणि कानाला लावायचे फोन घातले. उखर्डू बांबूला टेकून उभा होता. त्याने एवढंच विचारलं की नाही बोलला कोणी तर दोर सोडायला सुरुवात करू का. मास्तरांनी पुन्हा हाक मारली. पुन्हा.

आणि मास्तर खुर्चीतून उडाले. धुरपदाबाईंना वाटलं करंट लागला. त्यांनी पोराला यंत्रापासून सोडवायला लाकडी पाट उचलला. तो पाठीत बसायच्या आत मास्तर ओरडले, "माझं नाव. माय, तो माझं नाव घेतोय." मग पेन्सिल मिळेना म्हणून लीलाच्या वाटीतल्या हळदीत बोट बुडवून ते भिंतीवर एकेक अक्षर काढू लागले. लीला मोठ्याने वाचत होती. इंग्रजी शाळेतलं तिचं शिक्षण त्या दिवशी वसूल झालं. आवाज चांगला येतोय. माझं नाव अमुक. माझं गाव...

"एन," लीला म्हणाली. "ए. जी."

सगळी गच्ची पुढे सरकली. उखर्डूचे भाचे खांबांवरून खाली वाकले.

"पी. यू. आर."

धुरपदाबाईंनी पाट खाली ठेवला.

"नागपूर," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, उलट थोडी मायाच होती, आणि ते जास्त वाईट होतं. "नागपूरचं ठरलं होतं ना रे बाबा. ते आपल्याच राज्यातलं."

मास्तरांनी मान हलवली. ते शब्दाचे पक्के होते. माणूस सापडला होता, एवढ्या दुरून त्याने नाव घेऊन हाक मारली होती, आणि तरी तांबं कळशीचंच झालं होतं. त्यांनी उखर्डूकडे बघितलं. उखर्डूने कप खाली ठेवला आणि दोराला हात घातला.

तेवढ्यात गिरधर जिन्यावरून वर आला. आल्या आल्या त्याने भिंत वाचली आणि एकदम गंभीर झाला.

"नागपूर आपलं कुठे राहिलं, मावशी," तो म्हणाला. "दिवाळीपासून ते मुंबई राज्यात गेलं. त्याचं दुःख मीच तर करतोय सगळ्या बुधवाऱ्यात."

धुरपदाबाईंनी हे मनात घोळवलं. "म्हणजे परमुलूख?"

"सरकारी कागदाने परमुलूख."

"मालूम आहे का त्या माणसाला?"

मास्तरांनी खटक्यावर विचारलं. उत्तर लांबलचक आलं, हळद संपत आली. होय, नागपूर आता मुंबई राज्यात. आपण कोणत्या राज्यातून बोलता? मास्तरांनी मध्य प्रदेश असं कळवलं. पलीकडून लगेच प्रश्न आला: जुना की नवा?

"नवा सांग," धुरपदाबाई म्हणाल्या. "आणि म्हणावं लग्नाला या."

मास्तरांनी तेही कळवलं. उखर्डूला तारेखालून मांडव घालायचा हुकूम झाला. त्याने कपाळाला हात लावला, पण घातला. शारदाने भिंतीवरची हळद पुसायची नाही असं ठरवलं. नाहीतरी हळदीचाच दिवस होता. आणि मास्तर संध्याकाळपर्यंत वरातीच्या घोड्यासारखे गच्चीभर उधळत होते. मध्येच यंत्रापाशी बसत, कोणाला तरी हाक मारत, तो उत्तर देई, की पुन्हा उधळत. कलकत्त्याच्या माणसाला ओव्याचं पाणी त्याच दिवशी पोचलं. त्याने उलट कळवलं की ओवा तो गेली दोन वर्षं घेतोच आहे, त्यानेच पोट बिघडलं असावं.

राहता राहिल्या अडकित्त्याने कापलेल्या दोन निऱ्या. त्या धुरपदाबाईंनी आठवणीने तांबटाकडे दिल्या. कळशी होण्याएवढं तांबं नव्हतं, पळी झाली, ती लीला सासरी घेऊन गेली. पळीचा दांडा जरा लांबच झाला आहे म्हणतात. तांबटाकडे उभं राहून माप गिरधरने दिलं होतं.